शनिवारच्या वर्गासाठी मुलं निवडताना: बडोद्यातल्या आमच्या शाळेचं वर्ष

२०२४च्या जूनमध्ये शाळा उघडली त्याच आठवड्यात आमच्या ट्रस्टने ठरवलं, की तिसरीतल्या विशेष हुशार मुलांसाठी दर शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तासांचा वेगळा वर्ग चालवायचा. कोडी, प्रयोग, वाचन, हातांनी काही बनवणं, ज्याला जे खोलात जाऊन करावंसं वाटेल ते. जागा २४. खोली ठरली, शिकवणारे ठरले, आणि मुलं निवडायचं काम माझ्याकडे आलं. तिसरीच्या चार तुकड्या, जवळपास दीडशे मुलं.

त्या संध्याकाळी मला धास्तीच वाटली. सात-आठ वर्षांच्या मुलाला तू या वर्गातला, आणि त्याच्या बाकावरच्या मित्राला तू नाहीस, असं सांगायचं म्हणजे त्या दोघांच्या मनात पुढची कितीतरी वर्षं राहणारं काहीतरी आपण बोलणार. मराठीत शोधायला गेले तर शिष्यवृत्ती परीक्षांचे क्लास सापडले, इंग्रजीत शोधलं तर अमेरिकेतल्या शाळांचे अनुभव. आपल्याकडच्या साध्या शाळेत, मोजक्या पैशांत, हे नीट कसं करायचं हे सलग कुठे मिळालं नाही. म्हणून वर्ष पार पडल्यावर जसं घडलं तसं लिहून ठेवते आहे.

शाळेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळा पेच तिथूनच सुरू होतो. ट्रस्ट मराठी माणसांचा, शाळा गुजराती माध्यमाची, जुन्या शहरातली. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतली मराठी मुलं पूर्वी खूप असायची. आता वर्गात गुजराती घरांतली मुलं आहेत, मराठी आहेत, कारखान्यांत कामाला आलेल्या उत्तर प्रदेश-बिहारकडच्या कुटुंबांतली हिंदी बोलणारी आहेत, आणि छोटाउदेपूरकडून बांधकामावर आलेल्या राठवा कुटुंबांतली मुलं आहेत. त्यांच्या घरी राठवी बोलतात, गुजराती ती शाळेतच शिकतात.

जूनच्या अखेरीस बैठक झाली. एका सभासदांचं म्हणणं होतं, दुसरीचे वार्षिक गुण बघा आणि वरची २४ नावं घ्या. दुसऱ्यांचं म्हणणं, वर्गशिक्षिकांना विचारा, त्यांना मुलं माहीत असतात. तिसऱ्यांनी पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीचं नाव काढलं. मराठी घरांत ते निघणारच. १९६२ पासून बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा विचार करणारी ती संस्था. पण तिची प्रशाला पाचवीपासून, आणि तिथे पालक स्वतःहून अर्ज करतात. आमच्यासमोर मुलं आधीच वर्गात बसलेली होती आणि त्यांतल्या कितीतरींच्या घरून अर्ज कधीच आला नसता. ट्रस्टमधले सगळ्यांत वडीलधारे, ज्यांना आम्ही काका म्हणतो, ते शेवटी बोलले. “सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचं शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते साऱ्या राज्यात नेलं. कोण शिकण्याजोगा आहे हे आधी विचारलं नाही, सगळ्यांना आणलं. बेन, तुम्हीही आधी सगळ्यांना बघा.” मला हेच हवं होतं. मी दिवाळीनंतरपर्यंतची मुदत मागितली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०च्या चौथ्या प्रकरणात विशेष प्रतिभेच्या मुलांविषयी वेगळा भाग आहे, शाळांत विषयवार मंडळं चालवावीत असं त्यात म्हटलं आहे. त्या पानाची प्रत मी सोबत नेली होती. ज्यांना तुमच्या शाळेत परवानगी काढायची आहे त्यांनी हे पान जवळ ठेवावं, चर्चा लवकर मार्गी लागते.

तरी वर्गशिक्षिकांची शिफारस आम्ही घेतलीच. ती घेऊन बाजूला ठेवायची आणि पुढच्या गोष्टींशी ताडून बघायची, असं ठरलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात चारही तुकड्यांतून नावं आली. मी ती जनरल रजिस्टरसमोर ठेवली. जवळजवळ सगळी मुलं गुजराती किंवा मराठी घरांतली. बहुतेक मुलं वर्गात वयाने मोठी. बहुतेकांचे पालक दर मीटिंगला येणारे. राठवा मुलांपैकी एकही नाही. मुलींमध्ये सुवाच्य अक्षराच्या, शांत मुली होत्या; सतत प्रश्न विचारणाऱ्या नव्हत्या. या शिक्षिका मन लावून शिकवणाऱ्या आहेत, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण एका वर्गात चाळीसच्या आसपास मुलं असली की हात वर करणारं मूल दिसतं, आणि शिकवण्याची भाषा ज्याच्या घरची आहे तेच मूल हात वर करतं.

या काळात मी रात्री वाचत होते. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये बुद्धिमान मुलांचा प्रसिद्ध अभ्यास सुरू केला, त्यातही पहिली पायरी शिक्षकांची शिफारसच होती. वर्गातली सर्वांत हुशार मुलं कोणती हे त्यांना विचारलं होतं, आणि वयाने सर्वांत लहान मूल कोणतं हेही. सुमारे दीड हजार मुलं निवडली गेली. विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुलं चाचणीत कमी पडली म्हणून त्या यादीत आली नाहीत. पुढे दोघांनाही पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं, एकाला १९५६ मध्ये, दुसऱ्याला १९६८ मध्ये. म्हणजे नुसती चाचणीसुद्धा पुरेशी नाही, हे मनात पक्कं बसलं.

दुसरं वाचलं ते फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीबद्दल. तिथे २००५ पर्यंत पालक किंवा शिक्षक ज्याचं नाव सुचवतील त्याचीच तपासणी होई. मग त्यांनी दुसरीच्या प्रत्येक मुलाला चित्रांवरची, भाषा न लागणारी एक छोटी चाचणी द्यायला सुरुवात केली, आणि तिच्यात वर आलेल्यांची पुढची पूर्ण तपासणी केली. पात्रतेच्या अटी त्याच ठेवल्या होत्या. तरी कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांचं प्रमाण जवळपास तिप्पट झालं. ही मुलं आधीही पात्र होती; त्यांच्याकडे कोणी बघितलं नव्हतं. पुढे पैसे कमी पडले म्हणून सगळ्यांची चाचणी बंद झाली आणि जुनी तफावत परत आली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या दोन अर्थशास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केला आहे. हा पुरावा मी पुढच्या बैठकीत सांगितला, आणि सगळ्या मुलांना चाचणी द्यायची हे ठरलं.

कोणती चाचणी? इथे जाणकार माणूस हवाच. सयाजीराव विद्यापीठात शिकून बडोद्यातच काम करणाऱ्या एक मानसशास्त्रज्ञ ताई ओळखीतून भेटल्या. मी त्यांना कामतांच्या बिने चाचणीबद्दल विचारलं. ती मराठी आणि कानडी मुलांसाठी केलेली, १९३०च्या दशकातली, आणि आजही दवाखान्यांत वापरतात. ताई म्हणाल्या, एकेका मुलाची अडचण समजून घ्यायला ती चालते, पण जुन्या मापांवर आजच्या मुलांचे आकडे फुगतात, आणि प्रत्येकाला एकेकटं बसवायला दीडशे मुलांसाठी महिने लागतील. नागपूरला मालिन यांनी १९६९ मध्ये भारतीय मुलांसाठी केलेली चाचणीही त्यांनी दाखवली. तिच्या निम्म्या भागात शब्द, सामान्यज्ञान, व्यवहारातले प्रश्न आहेत. राठवी बोलणाऱ्या मुलाला गुजरातीतून शब्दार्थ विचारला तर आपण त्याचं गुजराती मोजतो.

शेवटी रेव्हन यांची रंगीत आकृत्यांची चाचणी ठरली. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी आहे. तीन संच, प्रत्येकात १२ प्रश्न, एकूण ३६. चित्राचा एक तुकडा गायब असतो, खालच्या सहांपैकी कोणता बसेल ते बोट ठेवून दाखवायचं. वाचायला लागत नाही, लिहायला लागत नाही. ताईंनी बजावलं, की हिच्यावरून एकाच प्रकारची बुद्धी कळते, आकृतीतला नियम पकडण्याची. गोष्ट रचणारं, सूर धरणारं, माणसं ओळखणारं मूल हिच्यात दिसेलच असं नाही.

पुस्तिका ताईंच्या नावावर मागवल्या, कारण अशा चाचण्या प्रशिक्षित व्यक्तीलाच विकतात. यायला महिना लागला. पुस्तिका परत परत वापरता येतात, उत्तराचे कागद तेवढे नवे लागतात. झेरॉक्स काढून वापरू नका. बेकायदा आहेच, शिवाय प्रती बाहेर गेल्या की क्लासवाले त्या पाठ करून घेतात आणि ती चाचणी तुमच्या गावात कायमची बाद होते. ताईंचं मानधन, पुस्तिका, कागद, मुलांचा खाऊ, रिक्षा, सगळं मिळून वर्षाचा खर्च २३ हजारांच्या आसपास झाला. निम्म्याहून जास्त मानधनाचा. पालकांकडून एक रुपयाही घेतला नाही, आणि घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. शंभर रुपये फी ठेवली की त्या शंभर रुपयांपाशीच काही मुलं गळतात.

संमतिपत्रं गुजराती, मराठी आणि हिंदीत काढली. एका पानापेक्षा मोठं नाही. त्यात ‘बुद्ध्यांक’ हा शब्द मुद्दाम वापरला नाही. मूल कसा विचार करतं हे बघायचं आहे, निकालाचा प्रगतिपुस्तकाशी संबंध नाही, एवढंच लिहिलं. सही न झालेल्या घरी आम्ही पुन्हा कागद पाठवत बसलो नाही. सकाळी मुलांना सोडायला येणाऱ्यांना फाटकापाशी गाठून तोंडी सांगितलं. एका बांधकामावर शाळेतल्या मासी माझ्याबरोबर आल्या, त्या छोटाउदेपूरकडच्या, त्यांनी राठवीत समजावलं. तिथल्या एका आईने अंगठा उठवला आणि मुलाकडे बघत म्हणाली, “बेन, ए बोलतो नथी, पण बधुं समजे छे.” बोलत नाही, पण त्याला सगळं समजतं. ते वाक्य मी वहीत तसंच उतरवून घेतलं.

तारीख ठरली होती ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्याची. नेमका त्याच आठवड्यात विश्वामित्रीला पूर आला. बडोदेकरांना तो आठवडा सांगायला नको. शाळा बंद, अर्ध्या शहरात पाणी. पाणी ओसरल्यावर पहिल्याच आठवड्यात चाचणी उरकून टाकावी असं काहींना वाटत होतं, पुस्तिका तयार होत्या, ताईंचे दिवस ठरलेले होते. मी नको म्हटलं. सखल भागात राहणाऱ्या मुलांच्या घरात चिखल होता, वह्या-दप्तरं वाहून गेली होती, काही जण नातेवाइकांकडे झोपत होते. तेव्हा चाचणी घेतली असती तर पूर कोणाच्या घरात शिरला तेच मोजलं गेलं असतं. मग गणपती आले. विसर्जन १७ सप्टेंबरला, आणि ३ ऑक्टोबरपासून नवरात्र. नवरात्रात बडोद्याची मुलं मध्यरात्रीपर्यंत गरब्यात असतात, सकाळी बाकावर डोकं टेकून झोपतात. त्यामुळे विसर्जन ते नवरात्र या मधल्या दिवसांत चाचणी घेतली. तुमच्याकडे तारीख ठरवताना कॅलेंडरमधले सण बघाच, पण कोणत्या मुलांचा कोणता सण हेही बघा. राठवा कुटुंबं होळीला गावी जातात आणि बरेच दिवस परत येत नाहीत. मार्चमध्ये निवड ठेवली असती तर ती मुलं गैरहजेरीतच बाद झाली असती.

चाचणीच्या आधी आम्ही दोन गोष्टी केल्या आणि त्या प्रत्येक शाळेने कराव्यात असं मी कळकळीने सांगते. एक, डोळे तपासले. शाळेच्या तक्त्यावरच, साधी तपासणी. काही मुलांना फळ्यावरचं नीट दिसत नव्हतं हे तेव्हा कळलं. त्यांच्यापैकी एकीचं ‘लक्ष नसतं’ अशी तक्रार पहिलीपासून होती. चष्मा आल्यावरच तिची चाचणी घेतली. दुसरं, चाचणीच्या आधी सगळ्यांना केळं दिलं. सकाळच्या शाळेत बरीच मुलं फक्त चहा पिऊन येतात.

आठ-आठच्या गटात, तळमजल्याच्या शांत खोलीत बसवलं. उत्तरपत्रिकेवर नाव नाही, फक्त जनरल रजिस्टरचा नंबर. तपासणाऱ्याला मूल कोणतं हे कळू नये म्हणून. सुरुवातीच्या सोप्या आकृत्या सगळ्यांना समजल्या की नाही हे पाहिल्याशिवाय पुढे गेलो नाही. सूचना ज्याच्या त्याच्या भाषेत दिल्या, राठवीसाठी मासी होत्याच. वेळेची घाई नव्हती. एक मुलगा प्रत्येक आकृतीवर आधी सहाही पर्यायांवरून बोट फिरवायचा, मग हसायचा, मग दाखवायचा. तो सगळ्यांत शेवटी उठला. अंगठा उठवणाऱ्या त्या आईचा तो मुलगा. त्याचे गुण आल्यावर ताईंनी कागद माझ्यासमोर सरकवला आणि आम्ही दोघी काही वेळ बोललो नाही. चारही तुकड्यांत त्याच्या बरोबरीचे गुण मोजून दोन-तीन मुलांचे होते. त्याच्या प्रगतिपुस्तकात गुजरातीपुढे लाल शेरा होता.

निकालाचे कच्चे गुण तसेच एकाखाली एक लावायचे नसतात. या वयात सहा महिन्यांचा फरकही मोठा असतो, म्हणून मुलांना वयाच्या सहा-सहा महिन्यांच्या गटांत बघतात. इथे आमची गाठ एका जुन्या सवयीशी पडली. रजिस्टरमध्ये १ जून ही जन्मतारीख असलेली मुलं इतकी कशी, असा प्रश्न ताईंनी विचारला. दाखल्याच्या वेळी कागद नसला की ती तारीख घातली जाते, हे शाळेत काम करणाऱ्या कोणालाही माहीत असतं. पण त्यामुळे प्रत्यक्षात लहान असलेलं मूल मोठ्यांच्या गटात पडतं आणि मागे दिसतं. मग घरांतून ममता कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या आरोग्याच्या नोंदीची कार्डं, मागवली. लसीकरणाच्या नोंदींवरून खऱ्या तारखा मिळाल्या, काहींच्या बाबतीत कित्येक महिन्यांचा फरक निघाला. हे काम कंटाळवाणं आहे, ऑक्टोबरचा बराच भाग त्यात गेला, पण ते टाळून पुढे जाऊ नका.

आणखी एक निर्णय इथेच झाला. तुलना कोणाशी करायची? आम्ही पुस्तकातल्या परदेशी तक्त्यापेक्षा आमच्याच शाळेतल्या मुलांशी तुलना केली. शनिवारचा वर्ग या शाळेतला आहे. इथल्या नेहमीच्या वर्गात ज्याला पुरेसं आव्हान मिळत नाही तो शोधायचा आहे.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर दुसरा टप्पा. यात मला सगळ्यांत आनंद झाला. चारही तुकड्यांत, सगळ्या मुलांबरोबर, महिनाभर काही कामं करून घेतली आणि शिक्षिकांनी निरीक्षणं लिहिली. उत्तर बोलून, चित्र काढून, करून दाखवून, कसंही चालेल. जुन्या वर्तमानपत्राच्या एका पानातून सर्वांत उंच, स्वतःहून उभा राहणारा मनोरा करायचा. अर्धवट गोष्ट ऐकून पुढची सांगायची. प्रत्येक वर्गात एक प्रश्नांचा डबा ठेवला, लिहिता येत नसेल त्याने शिक्षिकेला येऊन सांगायचं. ‘पतंगाला शेपटी का लावतात, आणि काहींना नसली तरी ते कसे उडतात?’ हा प्रश्न एका मुलीने विचारला, जिचं नाव कोणाच्याच शिफारशीत नव्हतं. तिची रेव्हन मध्यम होती. पण अर्धवट गोष्ट पुढे नेताना तिने पात्रांना स्वभाव दिले, मधेच काळ मागे नेला, आणि वर्ग ऐकत राहिला.

मुलांनाही विचारलं, कानात येऊन सांगायचं. नवीन खेळाचे नियम कोण बनवतं? सायकलची चेन निघाली तर कोणाला हाक मारशील? गोष्ट ऐकायची असेल तर कोणाकडे जाशील? हुशार कोण, असं विचारलं तर मुलं पहिल्या नंबरचं नाव सांगतात. असे प्रश्न विचारले की वेगळी नावं येतात, आणि ती एकमेकांशी फार जुळतात. पालकांशी बोलताना फॉर्म दिला नाही, फोनवर किंवा भेटून बोललो. ‘घरी तो कशात रमतो? तुम्हाला न सांगता काय शिकला?’ एवढं विचारलं की अशिक्षित म्हणवणाऱ्या आयाही मुलाबद्दल बारकाईने सांगतात.

आता सगळं एकत्र कसं करायचं? डिसेंबरच्या मध्यावर आम्ही त्यासाठी बसलो आणि जास्तीत जास्त वाद इथे झाला. रेव्हन, वर्गातली कामं, आणि शिक्षक-पालक-मित्रांचं म्हणणं, असे तीन आधार होते. एका शिक्षिकेचं मत, तिन्हींत वर असेल त्यालाच घ्या, म्हणजे शंका राहणार नाही. ऐकायला हे काटेकोर वाटतं. पण प्रत्येक मापात चूक असते. खरोखर क्षमता असलेलं मूलही तीनपैकी एखाद्या दिवशी आजारी असतं, बुजतं, भाषेत अडतं. तिन्ही दारं पार करायची अट घातली की प्रत्येक दारापाशी काही खरी मुलं गळत जातात, आणि उरतात ती सगळ्या बाजूंनी सुस्थितीतली. सरासरी काढली तर तो गप्प मुलगा आणि ती गोष्ट सांगणारी मुलगी, दोघंही मधल्या गर्दीत जातात. मग आम्ही स्वतःला विचारलं, की कोणती चूक जास्त वाईट? गरज नसलेलं एखादं मूल वर्गात आलं तर ते शनिवारी दोन तास चांगली कोडी सोडवेल. गरज असलेलं राहून गेलं तर ते वर्षभर खिडकीबाहेर बघत बसेल. म्हणून नियम असा केला: कोणत्याही एका आधारावर जो ठळकपणे पुढे आहे त्याची फाइल उघडायची, आणि त्या बाजूने दुसरा थोडासा जरी पुरावा मिळाला तरी घ्यायचं. सीमेवर असलेल्यांनाही घ्यायचं. फाइलींवर तेव्हाही फक्त नंबर होते.

अमेरिकन अभ्यासक जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये मांडलं होतं, की सरासरीपेक्षा वरची क्षमता, सर्जनशीलता आणि हातातल्या कामाला चिकटून राहणं, या तीन गोष्टी जिथे जुळतात तिथे अशी प्रतिभा दिसते. वादात ते आम्हाला उपयोगी पडलं, कारण तोवर चिकाटीकडे कोणी बघतच नव्हतं. मनोरा पडल्यावर पाचव्यांदा उभा करणारी मुलं निरीक्षणांच्या वहीत होती, फक्त त्यांना कोणी गुण दिले नव्हते.

२४ जागांसाठी बसलो होतो, २९ मुलं झाली. काका म्हणाले, “बाकं वाढवा.” पहिल्या शिफारशीतली निम्म्याहून थोडी जास्त मुलं या यादीत होती. बाकीची अशी, ज्यांचं नाव जुलैत कोणी घेतलं नव्हतं. राठवा घरांतली तीन.

यादी नोटीस बोर्डावर लावली नाही. प्रत्येक पालकाला वेगळं बोलावलं. निवड झालेल्यांच्या चिठ्ठीत ‘प्रज्ञावान’ वगैरे शब्द नव्हते; मुलाला कशात गती दिसली, आणि शनिवारी काय करायचं आहे, एवढंच. ज्यांचं मूल यादीत नव्हतं त्यांच्याशी बोलणं मात्र जड गेलं. एक वडील खूप रागावले. मुलगी पहिल्या नंबरची, मग तिला का नाही? मी निरीक्षणं उघडून दाखवली. ती नेमून दिलेलं काम फार सुंदर करते, आणि नेहमीच्या वर्गात तिला जे हवं ते मिळतं आहे. त्यांचं समाधान झालं नाही. त्यांना पुन्हा बघून घेण्याचा अर्ज करता येतो हे सांगितलं, त्यांनी केला, दुसऱ्या व्यक्तीने फाइल तपासली, निर्णय तोच राहिला. अशी फेरतपासणीची सोय आधीपासून लेखी ठेवा. नाहीतर ज्यांच्या ओळखी आहेत त्यांचीच फेरतपासणी होते. एक-दोन फोन आम्हालाही आले. ट्रस्टने सगळ्यांना एकच उत्तर दिलं, की अर्ज करा.

वर्ग उत्तरायणानंतरच्या शनिवारी सुरू झाला. आणि पहिल्या दोन आठवड्यांतच काही मुलं गैरहजर राहू लागली. नेमकी तीच, ज्यांना शोधायला आम्ही एवढे महिने घालवले होते. कारणं विचारली. साडेअकराला शाळा सुटली की धाकट्या भावंडाला घरी नेणारं दुसरं कोणी नसतं. नेणारी रिक्षा थांबत नाही. दुपारी आईबरोबर कामावर जायचं असतं.

मला तेव्हा कमाटीबागेतली संकल्पभूमी आठवत होती. १९१३ साली बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांची बुद्धी या संस्थानाने ओळखली होती. आणि १९१७ मध्ये ते इथे नोकरीला आले तेव्हा जातीमुळे या शहरात त्यांना राहायला घर मिळालं नाही. कमाटीबागेत झाडाखाली बसावं लागलं. बडोद्यात वाढलेल्या माणसाने ओळखणं आणि बसायला जागा देणं यांतलं अंतर विसरू नये. मी हे ट्रस्टच्या बैठकीत बोलले, आवाज थोडा चढला असेल. फेब्रुवारीपासून धाकट्या भावंडांना वाचनालयात बसवायची सोय झाली, मासींनी ते अंगावर घेतलं, त्यांना त्याचे वेगळे पैसे मिळतात. उशिराच्या एका रिक्षाचा खर्च ट्रस्टने उचलला. ज्यांना शनिवार अजिबात जमत नव्हता त्यांच्यासाठी बुधवारी मधल्या सुट्टीत अर्धा तास सुरू केला. होळीला गावी गेलेल्यांच्या जागा राखून ठेवल्या. परत आली तेव्हा त्यांना तिथूनच पुढे घेतलं.

तो गप्प मुलगा आता बोलतो का, असं बरेच जण विचारतात. फारसा नाही. काड्यापेट्यांच्या काड्यांनी पूल बांधतो, तो किती वजन पेलतो ते बघतो, आणि शेजारच्याला बोटाने दाखवतो कुठे जोर येतो ते. एप्रिलमध्ये त्याच्या शिक्षिकेने प्रगतिपुस्तकात गुजरातीच्या शेऱ्याखाली आणखी एक ओळ लिहिली, गणितात चौथीचं पुस्तक द्यावं म्हणून.

ही यादी चौथीत तशीच पुढे जाणार नाही. जुलैत नव्याने आलेली मुलं, गेल्या वर्षी सीमेच्या खाली राहिलेली मुलं, आणि ज्यांचं नाव शिक्षिका वर्षात कधीही सुचवतील ती, या सगळ्यांना परत बघायचं ठरलं आहे. आत असलेल्यांना बाहेर काढायचं नाही. नव्या तिसरीचं काम दुसऱ्या शिक्षिकेकडे दिलं आहे, म्हणजे ते एका माणसाच्या नजरेवर अवलंबून राहणार नाही. संमतिपत्राचा तिन्ही भाषांतला नमुना, वर्गातल्या कामांची यादी आणि निरीक्षणाचा तक्ता कोणाला हवा असेल तर कळवा, मी पाठवते. रेव्हनच्या पुस्तिका मात्र पाठवता येणार नाहीत, त्यासाठी तुमच्या गावातल्या मानसशास्त्रज्ञांकडेच जायला हवं, आणि जायचं असेल तर जूनमध्येच जा, पुस्तिका यायला वेळ लागतो.